अंगणात दयाळ यावा म्हणून

अमेरिकेत ब्लूबर्ड या निळ्या पक्ष्यासाठी परसात लाकडी पेट्या लावणारे हजारो हौशी लोक आहेत. १९७८ साली त्यांची एक संस्थाही उभी राहिली. त्यांची मोठी डोकेदुखी म्हणजे आपली चिमणी. १८५१ च्या सुमारास ती ब्रुकलिनमध्ये नेऊन सोडली आणि पुढे तिने ब्लूबर्डच्या पेट्याच बळकावल्या. आपल्याकडे गंगा उलटी वाहते. इथे चिमणीलाच जागा शोधावी लागते.

कोणाला बोलवायचे?

ब्लूबर्ड भारतात नाही. पण नर्मदाकाठच्या नेमावरसारख्या गावात ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटे करणारे पक्षी आहेतच: चिमणी, दयाळ, साळुंकी, पिंगळा. यांना झाड पोखरता येत नाही, आयती पोकळी लागते. देवास-धारकडच्या जुन्या वाड्यांचे कोनाडे आणि कवेलूंची वळचण ती पुरवत असे. सिमेंटच्या गुळगुळीत घरात ती नाही. अंगणासाठी चिमणी आणि दयाळ हे दोघे सर्वांत सोयीचे. दयाळाचा नर काळा-पांढरा, शेपटी उभी ठेवणारा, पहाटे उंच जागी बसून गाणारा.

पेटी कशी असावी?

कोण येणार, हे दार ठरवते. चिमणीसाठी साधारण ३२ मिलिमीटरचे गोल भोक पुरते. त्यातून साळुंकी शिरू शकत नाही. भोक तळापासून १२-१३ सेंटिमीटर वर हवे, म्हणजे मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोहोचत नाही. दयाळाला कोनाड्यासारखी जागा रुचते. त्याच्या पेटीची पुढची फळी निम्मीच लावा, वरचा भाग मोकळा सोडा.

फळी दीडदोन सेंटिमीटर जाड, आतून न रंधलेली असावी. खरखरीत फळीवर पिल्लांना नखे रोवून वर चढता येते. आत रंग किंवा वॉर्निश नको. तळाला चार बारीक भोके पाडा, छताखाली हवेला फट ठेवा. भोकाखाली बसायला काडी लावू नका, ती कावळ्याच्याच कामी येते. साफसफाईसाठी एक बाजू उघडणारी ठेवा.

कुठे आणि कधी लावावी?

या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो. पत्र्याची पेटी म्हणजे पिल्लांची भट्टी. लाकडी पेटीही पश्चिमेच्या उन्हात नको. छज्ज्याखाली, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून, अडीच-तीन मीटर उंचीवर घट्ट बसवा. चिमण्यांना शेजार आवडतो, म्हणून दोन-तीन पेट्या जवळ चालतात. दयाळ आपल्या हद्दीत दुसरी जोडी खपवून घेत नाही. त्याच्यासाठी अंगणात एकच पेटी.

दयाळाची वीण मार्च ते जुलै. म्हणून पेटी फेब्रुवारी संपायच्या आत लागलेली बरी. घरट्याचे बहुतेक काम मादी करते. ती फिकट निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची चार-पाच अंडी घालते आणि एकटीच उबवते. या काळात पेटी उघडून पाहू नका. पिल्ले उडून गेल्यावर जुने गवत काढून टाका.

पेटीइतकेच महत्त्वाचे

चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते. दयाळाचा तर मुख्य आहारच किडे. बागेत कीटकनाशक फवारले की पेटी रिकामीच राहणार. पालापाचोळा एका कोपऱ्यात कुजू द्या, मेंदी किंवा जास्वंदीचे दाट कुंपण ठेवा, सावलीत उथळ भांड्यात रोज पाणी भरा. मांजर असेल तर निदान विणीच्या दिवसांत तिला आवरा.

पहिल्या वर्षी कोणी फिरकले नाही, तर पेटी काढू नका. जागा पारखायला पक्ष्यांना वेळ लागतो. दुसऱ्या वर्षीही ती ओस राहिली तर जागा बदला. यंदाची पेटी मात्र होळीच्या आधी लावाच.