मरीआईचा कोप आणि जनुकांची कळ

आमच्या गावाच्या वेशीवर मरीआईचे छोटे देऊळ आहे. आजी तिथून जाताना हात जोडायची. तिच्या लहानपणी पटकीची साथ आली, तेव्हा सकाळी तिच्याबरोबर पाण्याला गेलेली शेजारीण दिवेलागणीला उरली नव्हती. "पाणी पाणी करत गेली गं बाई, पण द्यायचं नाही असं जाणत्यांनी बजावलेलं," हे सांगताना आजीचा आवाज बसायचा. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मला प्रश्न पडत राहिला: खाडीच्या, नदीच्या पाण्यात मुकाट राहणारा हा जंतू माणसाच्या पोटात जाऊन कोपतो, म्हणजे नेमके काय होते?

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा असा हा जंतू वेगळा काढला. तो मारतो कसा, हे मात्र त्याच शहरातील शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले. ज्या द्रवात जंतू वाढवले होते तो त्यांनी गाळून जंतुविरहित केला आणि सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेढ्यात सोडला. आत जंतू एकही नव्हता, तरी वेढा पाण्याने तट्ट फुगला. म्हणजे घात करत होते ते जंतूने बाहेर टाकलेले विष. हे विष आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर सोडायला लावते आणि क्षारांमागोमाग शरीरातले पाणी वाहून जाते.

या विषाची जनुके मुळात जंतूची स्वतःची नाहीतच. ती एका जीवाणुभक्षी विषाणूने आणून जंतूच्या गुणसूत्रात बसवली आहेत, हे वॉल्डॉर आणि मेकॅलॅनोस यांनी १९९६ साली सिद्ध केले. त्यातली खोच पाहा: आतड्यात ठाण मांडण्यासाठी जंतूला जे केसासारखे तंतू लागतात, तेच धरून हा विषाणू जंतूच्या आत शिरतो.

पण जनुक जवळ असले म्हणजे ते सदैव चालू असते असे नाही. उघड्या पाण्यात विष बनवणे म्हणजे फुकटचा खर्च. म्हणून जंतूच्या आवरणात टॉक्स-आर आणि टीसीपी-पी ही प्रथिने पहारेकऱ्यासारखी बसलेली असतात. आतड्यातली परिस्थिती जाणवली की ती टॉक्स-टी या तिसऱ्या प्रथिनाचे जनुक जागे करतात. खरी कळ हीच. टॉक्स-टी तयार झाले की चिकटण्याचे तंतू आणि विष या दोहोंची जनुके एकदमच कामाला लागतात. आतड्यातले बायकार्बोनेटही टॉक्स-टीला जोर देते.

कळ बंद करायचीही सोय आहे. प्रत्येक जंतू काही रासायनिक संदेश बाहेर सोडत असतो. दाटी वाढली की त्या संदेशांची पातळी चढते, हॅप-आर नावाचे प्रथिन वाढते आणि घातक जनुके थंडावतात. काम झाले, आता गाशा गुंडाळून रुग्णाच्या जुलाबांबरोबर पुन्हा पाण्यात!

जंतूला मारण्याऐवजी त्याची कळच दाबून धरता येईल का? २००५ साली विर्स्टाटिन नावाच्या रेणूने टॉक्स-टीला रोखून उंदरांच्या पिल्लांच्या आतड्यात जंतूंना बस्तान बसवू दिले नाही. प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे होत असताना ही वाट मला महत्त्वाची वाटते. कारण अशा औषधाने जंतू मरत नाही, फक्त निरुपद्रवी होतो. त्यामुळे औषधाला पुरून उरणारे जंतूच तेवढे मागे राहण्याचा धोका कमी असावा, असा त्यामागचा तर्क आहे.

प्रयोगशाळेतली ही गोष्ट औषधाच्या दुकानापर्यंत यायची आहे. पण या विषाच्या हातून एक दार उघडेच राहते. साखरेसोबत मीठ आणि त्यामागून पाणी आत ओढून घेण्याची आतड्याची शक्ती ते हिरावून घेत नाही. जलसंजीवनी चालते ती याच जोरावर. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी तिच्याच बळावर असंख्य जीव वाचवले.

वर्गात इथवर आलो की मला आजीची ती शेजारीण आठवते. ती मागत होती ते पाणीच तिला द्यायला हवे होते. त्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घालून.