माळ्यावरची फुलदाणी कुठली, किती जुनी?

दिवाळीची आवराआवर निघाली, की माळ्यावरून चिनी मातीची एखादी जुनी फुलदाणी नाहीतर नक्षीची बशी खाली येते. अकोला-अमरावतीच्या जुन्या घरांत अशा वस्तू अजून सापडतात. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात वऱ्हाडच्या कापसाला भरमसाट भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि मुंबईला उतरलेला विलायती माल इकडे येणं सोपं झालं. तेव्हा मैत्रिणींनो, एका पातेल्यासाठी ती वस्तू बोहारणीला देण्याआधी जरा उलटी करून बघा. तिची जन्मपत्रिका बुडाशीच असते!

नुसत्या नक्षीवर जाऊ नका. निळी झाडं, पूल आणि दोन पाखरं असलेली 'विलो' नक्षी चिनी दिसते, पण ती इंग्लंडातच जन्मली.

बुडाशी पतंगाच्या आकाराचा शिक्का असेल, तर नक्षीची नोंदणी इंग्लंडात १८४२ ते १८८३ च्या दरम्यान झालेली असते. 'आर. डी. नं.' आणि पुढे आकडा असेल, तर ती १८८४ नंतरची. हे आकडे एकपासून सुरू झाले आणि १९०० पर्यंत साडेतीन लाखांवर गेले. मात्र ही तारीख नक्षीच्या नोंदणीची बरं का. तीच नक्षी पुढे कित्येक वर्षं निघत राहिलेली असू शकते.

देशाचं नावही बोलकं असतं. अमेरिकेनं १८९१ पासून आयात मालावर ते सक्तीचं केलं. म्हणून 'इंग्लंड' असं छापलेली वस्तू बहुधा त्यानंतरची. 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ ते १९९२ मधली, कारण तो देश तेवढीच वर्षं होता. आणि 'मायक्रोवेव्ह'चा उल्लेख दिसला, तर पणजीची म्हणून कुणी कितीही सांगो, विश्वास ठेवू नका.

शिक्काच नसेल तर? वस्तू उजेडाकडे धरा. पलीकडची बोटं अंधूक दिसली तर ते पोर्सेलीन. नाही दिसली तर बहुधा साधी भाजलेली माती. भिंगातून बारीक ठिपके दिसले तर नक्षी छापील. कुंचल्याचे फटकारे दिसले तर हातची. खरोखर वापरातल्या वस्तूचं बूड असमान झिजतं. मुद्दाम जुनं केलेलं सगळीकडे सारखं घासलेलं असतं.

एक मात्र लक्षात ठेवा. जुन्या झिलईत आणि रंगांत शिसं असू शकतं, आणि आंबट पदार्थात ते उतरतं. म्हणून लोणचं, चिंचेचं सार, पन्हं त्यात ठेवू नका. तडे गेलेल्या बशीत तर मुळीच नको. सोनेरी काठ राखेनं किंवा काथ्यानं घासू नका. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे.

ओळख पटली, की कुठून आली, कोणी आणली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी वस्तूतच ठेवा. शिक्का कारखान्याचं नाव सांगेल. आजेसासूबाईंचं नाव तुम्हीच लिहून ठेवायला हवं.