पिंजऱ्यातला माणूस

बँकेत असताना एकदा साक्षीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. एरवी खातेवहीचा प्रमाणित उतारा पुरतो. पण वाद सहीचा होता, म्हणून मला समन्स आलं. पट्टेवाल्याने नावाचा पुकारा केला आणि वीस वर्षं आकड्यांत काढलेला मी पिंजऱ्यात उभा राहून साधी तारीख चुकलो. समोर जेमतेम दहा-बारा माणसं होती.

न्यायालयातल्या कॅमेऱ्यांचा विषय निघाला की मला तो दिवस आठवतो.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचं कामकाज लोक घरबसल्या पाहू लागले. पहिल्याच दिवशी शिवसेनेतल्या फुटीचं प्रकरण होतं. हे चांगलंच झालं. न्याय चारचौघांत व्हावा, ही आपली जुनी रीत आहे.

मात्र 'चारचौघांत' म्हणजे नेमकं किती जणांत, हा प्रश्न मुंबईत कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. १९६४ साली 'ब्लिट्झ'चे संपादक करंजिया यांच्याविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा उच्च न्यायालयात न्या. तारकुंडे यांच्यापुढे चालला होता. एका व्यापारी साक्षीदाराने गाऱ्हाणं मांडलं, की आपल्या आधीच्या साक्षीच्या बातम्या आल्या आणि धंदा बसला. त्याची साक्ष छापू नये, असा तोंडी हुकूम झाला. वार्ताहर नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी हुकूम उचलून धरला; एकटे न्या. हिदायतुल्ला विरोधात राहिले.

माझं मन हिदायतुल्लांकडे झुकतं. तरीही त्या व्यापाऱ्याची भीती मला समजते. पत कमवायला जन्म जातो आणि घालवायला एक बातमी पुरते, हे बँकेतल्या माणसाला कुणी सांगायला नको.

म्हणून मला वाटतं, कॅमेरा असावा, पण त्याचं तोंड कुणाकडे, हे ठरलेलं असावं. न्यायाधीशाच्या हाती सत्ता असते, वकील आपखुशीने उभा राहतो. त्यांना लोकांनी खुशाल पाहावं. २०२४ मध्ये कर्नाटकातल्या एका न्यायमूर्तींची अनुचित शेरेबाजी जगाला कळली ती प्रक्षेपणामुळेच. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही प्रक्षेपण बंद करणं हा उपाय नव्हे, असंच बजावलं. साक्षीदाराचं तसं नाही. तो समन्सने ओढून आणलेला असतो. प्रक्षेपणाच्या आदर्श नियमांनी साक्ष आणि उलटतपासणी वगळली आहे, ती योग्यच आहे. हा अपवाद उद्या लोकांच्या उत्सुकतेपायी सैल होऊ नये.

त्या दिवशी न्यायाधीशांनी मला खातेवही पाहून तारीख दुरुस्त करू दिली. चूक तिथल्या तिथे मिटली. तिची फीत गावभर फिरली असती, तर पुढच्या समन्सला मी खरं बोलायला गेलो असतो, की आजारपणाचा दाखला पाठवला असता?