पोटात पाय

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलीय. वरून गरीब, आतून डांबरट, असा तिचा अर्थ. परीक्षेत वाक्यात उपयोग करून दोन मार्कही मिळवलेत. पण या जूनमध्ये मी एक गोगलगाय काचेवर ठेवून खालून बघितली, तेव्हा कळलं की म्हण करणाऱ्या माणसानं ती नीट बघितली होती.

झालं असं. कॉलेजच्या मागच्या बागेत झेंडूची रोपं रात्रीत गायब व्हायला लागली. माळीमामा मिठाची पिशवी घेऊन आले. मीठ टाकलं की गोगलगायीच्या अंगातलं पाणी त्वचेतून बाहेर ओढलं जातं, ती फेस काढत आकसते आणि मरते. लहानपणी आजोळी आम्ही पोरं हा खेळ म्हणून करायचो. त्या दिवशी मात्र बघवेना. मी म्हटलं, “मामा, आधी कुठली आहे ते तरी बघू द्या.” मामा म्हणाले, “बघ की. रोपं खाणारी आहे, आणि काय?”

आता बघायचं म्हणजे काय? आपल्याकडे शंखवाली आणि बिनशंखाची, दोन्ही गोगलगायच. बिनशंखाचीला कोणी शेंबी म्हणतात, तर बरेच जण तिला जळूच समजतात. हा घोटाळा सोपा आहे मिटवायला: जळूला शिंगं नसतात आणि दोन्ही टोकांना चिकटायची तोंडं असतात. गोगलगायीला शिंगांच्या दोन जोड्या असतात, वरच्या जोडीच्या टोकाला डोळे. या शिंगांमुळेच आपण तिला गाय म्हणतो. आमच्या बेळगावात कानडी मैत्रिणी तिला ‘बसवनहुळू’ म्हणतात, म्हणजे बैलकिडा. एकाच परसात मराठीत गाय आणि कानडीत बैल! (खरं सांगायचं तर दोन्ही बरोबर, कारण जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायी एकाच वेळी नरही असतात आणि मादीही.)

जात ओळखायला लोक रंग बघतात, पण रंग फसवतो. ओली असताना काळी, सुकली की राखाडी. मी तीन गोष्टी बघायला शिकले. पहिली, पाठ. आपल्या सह्याद्रीतली मारिएला दुसुमिएरी नावाची जात आहे, तिच्या पाठीच्या पुढच्या भागावर ढालीसारखी एक घडी असते आणि तिच्याखाली पातळ शंखाचा तुकडा लपलेला असतो. दुसरी, श्वासाचं छिद्र. अशा ढालवाल्या जातींत ते उजव्या कडेला उघडझाप करताना दिसतं. आमच्या बागेतल्या प्राण्याला ढाल नव्हती, कडेला छिद्र नव्हतं. चपटी, जुन्या चपलेच्या चामड्यासारखी पाठ, आणि मधोमध डोक्यापासून शेपटीपर्यंत एक फिकट रेघ.

तिसरी गोष्ट पोट. तिला काचेच्या तुकड्यावर चालू दिलं आणि काच डोक्यावर धरली. इतर गोगलगायींत खालची जवळजवळ सगळी बाजू म्हणजे पायच असतो. हिचा पाय म्हणजे मधोमध एक अरुंद पट्टी, बुटाच्या नाडीएवढी, आणि दोन्ही बाजूंना रुंद पोट. अक्षरशः पोटात पाय. तेव्हा नाव सापडलं: लेव्हिकॉलिस आल्ते. मूळची आफ्रिकेतली, पण 1822 मध्ये फेरुसाक या फ्रेंच शास्त्रज्ञानं तिला नाव दिलं तेव्हापासून विज्ञानाला माहीत आहे, आणि भारतात ती आता इतकी पसरलीय की आपल्याला ती इथलीच वाटते.

कुंडी हलवताना खाली अंडी मिळाली. साबुदाण्यासारखी, अर्धपारदर्शक, एकमेकांना चिकट दोऱ्यानं जोडलेली माळ, वरून मातीचे कण चिकटलेले. मोजली, 31 होती. मामा मिठाकडे बघत होते; मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घातली.

डब्याच्या झाकणाला सुईनं भोकं पाडली, तळाला दोन बोटं माती आणि नारळाचा भुसा. माती ओली हवी पण पाणी साचता कामा नये; मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग शिंपडायचं. साधारण दोन आठवड्यांनी 24 पिल्लं बाहेर आली. यांच्यात अळी-कोष असला प्रकार नाही. तांदळाच्या दाण्याहून लहान, पण पाठीवरच्या रेघेसकट आईचीच प्रत. पहिले काही दिवस मी काकडी देत होते आणि ती कोणी खात नव्हती. मग कुजलेली पानं टाकली, ती संपली. कोवळ्या तोंडाला मऊच लागतं. नंतर काकडी, दोडक्याची सालं, पालक. उरलेलं रोज काढायचं, नाहीतर बुरशी येते.

एक चूक मात्र माझी. जुलैत दोन दिवस ऊन पडलं म्हणून हौसेनं डबा खिडकीत ठेवला आणि लेक्चरला गेले. परत आले तर 13 पिल्लं झाकणाला चिकटून वाळली होती. मिठानं मरताना बघवत नाही म्हणणारी मी, आणि त्यांच्या अंगातलं पाणी मीच काढून घेतलं. मामांना सांगितलं, ते काही बोलले नाहीत.

कोणी करून बघणार असाल तर उघड्या हातानं धरू नका, आणि डबा हाताळल्यावर साबणानं हात धुवा. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक जंत आयुष्याचा काही काळ गोगलगायीत काढतो, आणि माणसाच्या पोटात गेला तर मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. याच कारणासाठी पावसाळ्यात पालेभाजी धुतल्याशिवाय कच्ची खायची नाही.

उरलेल्या 11 आता बोटाच्या पेरापेक्षा मोठ्या झाल्यात. त्यांचं काय करायचं हा प्रश्न आहे. बागेत सोडल्या तर मामांची रोपं जातील, आणि मुळात या इथल्या नाहीत. परवा मामा डब्यात डोकावून म्हणाले, “काय करालीस गं यांचं? परत सोडणार व्हय?” मी नाही म्हटलं. डबा माझ्याकडेच राहणार. काही महिन्यांत यांतली प्रत्येक जण अंडी घालू शकेल. ती मिळाली की गोठवायची असं ठरवलंय. बागेत आता मीठ नाही. मामा संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याशेजारी टाकतात, सकाळी खाली जमलेल्या चिमट्यानं उचलतात. झेंडू यंदा दसऱ्याला येईल असं म्हणतात.