पिकअपची 'चेक इंजिन' लाइट लागली? ऑक्सिजन सेन्सर घरच्या घरी बदलता येतो, पण आधी हे तपासा

पहाटे भाजी भरलेला पिकअप मार्केटच्या वाटेला लागतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराची पिवळी लाइट लागते. गाडी पळतेय, आवाजही नेहमीचाच, म्हणून चार दिवस दुर्लक्ष होतं. मग लक्षात येतं की तेवढ्याच फेऱ्यांना जास्त पेट्रोल लागतंय. गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि सांगतो, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय."

गाडी उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं बुडतं. त्यामुळे साहजिकच प्रश्न पडतो, हे काम आपल्याला घरी जमेल का? पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या पिकअपमध्ये बऱ्याचदा जमतं. पण सेन्सर बदलणं हा सोपा भाग आहे. तो खरंच खराब झालाय का, हे ओळखणं जास्त महत्त्वाचं.

हा सेन्सर करतो काय?

पेट्रोल नीट जळायला १ किलो इंधनामागे साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण जमतंय की नाही, ते धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून कळतं. सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसवलेला सेन्सर तेच मोजतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला कळवतो. त्यानुसार इंधन कमी-जास्त होतं. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ मध्ये पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांमध्ये आला.

बीएस-६ पेट्रोल गाड्यांत सहसा असे दोन सेन्सर असतात. एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. पहिला इंधनाचं प्रमाण सांभाळतो, दुसरा कन्व्हर्टर नीट काम करतोय का ते बघतो.

पहिला सेन्सर बिघडला की ईसीयू अंदाजाने इंधन सोडतं. बऱ्याचदा ते जास्तच सुटतं. अ‍ॅव्हरेज पडतं, पीयूसीला अडचण येऊ शकते आणि न जळालेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महाग धातू असतात, त्यामुळे तो जळाला तर खर्च सेन्सरच्या कितीतरी पट होतो.

कोड काय सांगतोय?

इथेच अनेकांचे पैसे वाया जातात. स्कॅनरवर सेन्सरशी संबंधित कोड दिसला म्हणजे सेन्सरच गेला, असं नसतं.

• पी ०१३५ किंवा पी ०१४१ : सेन्सरच्या आतल्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. इथे संशय सेन्सरवर जातो, पण आधी फ्यूज आणि वायर बघा.

• पी ०१७१ : धुरात ऑक्सिजन जास्त. हवेचा पाइप फाटला असेल किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सर गळत असेल, तरी हाच कोड येतो. म्हणजे सेन्सर खरं बोलत असतो आणि आपण त्यालाच काढून टाकतो!

• पी ०४२० : कन्व्हर्टरची क्षमता कमी झाल्याचा इशारा. नुसता सेन्सर बदलून हा प्रश्न सुटेलच असं नाही.

हीटर तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. गाडी गार असताना सेन्सरचा कपलर काढा. सेन्सरच्या बाजूच्या हीटरच्या दोन वायरी (बहुतेकदा एकाच रंगाच्या) मोजा. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल, तर हीटर तुटलाय.

बदलायचा कसा?

१. गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड किंवा ओंडका लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड हवाच.

२. सायलेन्सर गार होऊ द्या. पूर्ण गार झाल्यावर सेन्सर जाम वाटला, तर आट्यांवर गंज सोडवणारं ऑइल मारून थोडा वेळ थांबा.

३. कपलरची खिट्टी दाबून तो काढा. वायर ओढू नका.

४. बहुतेक सेन्सरना २२ मिमीचा पाना लागतो. वायरसाठी खाच असलेला ऑक्सिजन सेन्सरचा सॉकेट मिळाला तर उत्तम. साध्या पान्याने कडा घासून गोल झाल्या, की काम अवघड होतं.

५. नवा सेन्सर त्याच मॉडेलचा आणि त्याच जागेचा घ्या. पुढचा आणि मागचा एकच असेल असं गृहीत धरू नका.

६. सेन्सरच्या टोकाला हात, ग्रीस किंवा सिलिकॉन लागू देऊ नका. आट्यांवर जाम न होणारी पेस्ट आधीच लावलेली असेल, तर वरून काही लावू नका.

७. आधी हाताने फिरवत बसवा. आटे वाकडे चढले तर पाइपचे आटे मरतात. मग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने घट्ट करा. १८ मिमी आट्यांच्या सेन्सरसाठी ते साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर असतं.

८. वायर गरम पाइपला टेकणार नाही अशी अडकवा, मग बॅटरी जोडा.

लाइट गेली म्हणजे झालं?

नाही. स्कॅनरने कोड पुसला की लाइट जातेच. दोन-तीन दिवस नेहमीच्या फेऱ्या मारा आणि पुन्हा स्कॅन करा. तोच कोड परत आला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा दुसरीकडेच आहे.

गॅरेज कधी गाठायचं?

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाच न्या. सेन्सर हलतच नसेल तर ताकद लावू नका. सीएनजीचा वास येत असेल तर कशालाही हात न लावता जाणकाराला बोलवा. डिझेल पिकअपची यंत्रणा वेगळी असते, तिथे ही पद्धत चालवू नका. आणि लाइट नुसती लागलेली नसून लुकलुकत असेल, तर इंजिन मिसफायर होत असल्याची ती खूण आहे. तेव्हा माल पोचवायची घाई बाजूला ठेवून गाडी थांबवा.