कालवणापुरतं

उन्हं कलली की काजळी नदीच्या काठावर कुठे ना कुठे कुणीतरी गरवायला बसलेलं दिसतं. हातात बांबूची काठी, काठीला तंगूस, तंगुसाच्या टोकाला गरी आणि शेजारी करवंटीतल्या ओल्या मातीत वळवळणारी गांडुळं. वाटेने जाणारा विचारतो, "काय, गावलं काय?" उत्तर ठरलेलं असतं : "हा, कालवणापुरतं."

किती मासे, केवढे, कोणते, हा सगळा हिशेब त्या एका शब्दात मिटतो. घरात माणसं चार असोत की आठ, त्या दिवशी चूल पेटली आणि भाताला सोबत मिळाली, एवढंच त्यातून कळतं. कोकणातल्या गोड्या पाण्याला हे माप पिढ्यान्‌पिढ्या पुरलं. ज्याने ते वापरलं त्याने नदीतून गरजेपेक्षा जास्त कधी उचललं नाही, हा त्यातला शहाणपणा. पण याच मापामुळे आपल्या नदीत काय होतं आणि काय उरलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

पाली हे गाव रत्नागिरीपासून सुमारे वीस किलोमीटरवर, दोन महामार्गांच्या तिठ्यावर आहे. एक रस्ता लांज्यावरून गोव्याकडे जातो, दुसरा नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. गंमत अशी की पहिला रस्ता अंजणारीच्या पुलावर काजळी ओलांडतो आणि दुसऱ्या रस्त्यालाही पुढे साखरप्याला तीच काजळी भेटते. म्हणजे पालीहून कुठेही निघा, वाटेत ही नदी आहेच. पण महामार्गावरच्या खानावळींचे फलक वाचा : सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी. सगळी समुद्राची मासळी, मिरकरवाड्यासारख्या बंदरातून आलेली. मळ्या, शेंगटी, खवल, वांब, मरळ यांना तिथे जागा नाही. ते घरचे मासे. पाहुणा आला तर त्याच्या ताटात पापलेट पडतं, मळ्याचं कालवण आपण आपलं खायचं.

भरड धान्य, भरड मासे

इंग्लंडमध्ये अशा मासळीला एक नावच आहे : 'कोर्स फिश'. कोर्स म्हणजे जाडंभरडं. सामन आणि ट्राउट हे तिथले मानाचे मासे. ते धरायचे तर स्वच्छ, थंड, वाहत्या पाण्याचा पट्टा हवा आणि त्याचे हक्क बहुधा जमीनदारांकडे. उरलेले रोच, ब्रीम, पर्च, टेंच, कार्प हे भरड. ते तळ्यात, संथ नदीत, गढूळ कालव्यातही जगतात आणि कुणाच्याही गळाला लागतात. आपल्याकडे भात हे मानाचं आणि नाचणी-वरी भरड, तसाच हा भेद. माशाच्या चवीपेक्षा तो कोण खातो किंवा कोण धरतो, यावरून पडलेला.

त्या भरड माशांना तिथे प्रतिष्ठा दिली ती कामगारांनी. कोळसा आणि कापूस वाहण्यासाठी खोदलेले कालवे औद्योगिक शहरांच्या मधून जात होते. लीड्स ते लिव्हरपूल हा सुमारे 204 किलोमीटरचा कालवा 1816 मध्ये पुरा झाला. गिरणीतल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी घराजवळ मिळणारं पाणी ते हेच. तिथे काठ्या टाकून बसता बसता पैजा लागल्या, पैजांच्या स्पर्धा झाल्या, क्लब निघाले आणि 1906 मध्ये राष्ट्रीय पातळीवरची स्पर्धाही सुरू झाली.

या स्पर्धेची रीत समजून घेण्यासारखी आहे. काठावर ठरावीक अंतराने खुंट्या ठोकून जागा आखतात आणि कुणी कुठे बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. चांगली जागा मिळणं हे निम्मं नशीब. शिट्टी झाली की गळ पाण्यात. आधी पीठ आणि भुगा यांचं खाद्य गोळ्यांनी पाण्यात टाकून मासे आपल्यासमोर जमवायचे आणि त्यांना तिथेच धरून ठेवायचं, यात खरं कसब. खाद्य जास्त झालं तर मासे पोट भरून निघून जातात, कमी झालं तर शेजाऱ्याकडे वळतात. धरलेला प्रत्येक मासा पाण्यातच सोडलेल्या लांब, मऊ जाळीच्या पिशवीत ठेवायचा. वेळ संपली की पंच तराजू घेऊन येतात, वजन लिहून घेतात आणि मासे पुन्हा पाण्यात. चार-पाच तासांच्या खटपटीनंतर जिंकणाऱ्याच्या हाती उरतो तो वहीतला एक आकडा.

आपल्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. मासा धरला, तोलला आणि सोडून दिला, मग कालवण कसलं करायचं? प्रश्न रास्त आहे. पण तो वहीतला आकडा आपल्याला पुढे लागणार आहे.

पवईच्या काठावर

महाराष्ट्रात या छंदाचं जुनं घर म्हणजे मुंबईचा पवई तलाव. 1891 च्या सुमारास मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी तो बांधला गेला, पण पाणी पिण्याजोगं निघालं नाही. माणसाला न चाललेलं पाणी माशांच्या वाट्याला आलं. 1936 मध्ये गळ टाकणाऱ्यांची बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन स्थापन झाली. पुढे तिचं नाव महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन झालं. तलावात मत्स्यबीज सोडणं, सभासदांना गळ टाकू देणं, अवैध मासेमारीवर लक्ष ठेवणं ही कामं या संस्थेने केली. इथले प्रमुख मासे कटला, रोहू आणि मृगळ. तिघेही मुळात उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले, इथे बाहेरून आणून वाढवलेले.

बंगालमध्ये याच माशांसाठी तिकीट काढून तळ्याकाठी बसण्याची पद्धत आहे. तिथले शौकीन चाऱ्यात कोणता मसाला किती घालायचा याचं गुपित आजीच्या लोणच्याच्या कृतीसारखं जपतात. गळ टाकून बसणं ही मुळात साहेबाची नक्कल आहे, असं म्हणणाऱ्यांनी बंगालच्या तळ्याकाठी किंवा काजळीकाठी एक संध्याकाळ काढावी. गरवणं हे क्रियापद आपल्या भाषेला कुणा साहेबाने दिलेलं नाही.

नावं आपली, वही परक्याची

मोजदाद मात्र साहेबाने केली, हे कबूल करायला हवं. विल्यम हेन्री साईक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी मुंबई इलाख्यात आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर होता. दख्खनमध्ये फिरताना तो शेतं, धान्यं, पक्षी आणि मासेही नोंदवत गेला. 1839 मध्ये त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत प्रसिद्ध केली. त्यात त्याने अनेक माशांना ग्रीक-लॅटिन नावं शोधण्याची तसदी घेतली नाही. भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्यांवरच्या भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडी जी नावं होती, तीच त्याने रोमन लिपीत उतरवली.

म्हणून आज जगातला कुठलाही मत्स्यतज्ज्ञ मळ्याला 'गारा मुल्या' म्हणतो, शेंगटीला 'मिस्टस सींगटी', कोळशीला 'हिप्सेलोबार्बस कोलस' आणि महसीरला 'टोर खुद्री'. पालीच्या माणसाने कालवणात टाकलेल्या मळ्याचं शास्त्रीय नाव निम्मं मराठी आहे. नाव देण्याइतकी ओळख आपल्या लोकांची होती. नोंद करण्याइतकी सवड आणि वही परक्याकडे होती. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं उलटून गेली तरी बाजारात न येणाऱ्या नदीच्या मासळीची गावोगावची मोजदाद कुणी ठेवत नाही. समुद्रातली मासळी बंदरावर उतरते, तिचे टन मोजले जातात. ओढ्यातली मासळी पातेल्यात उतरते.

चढणीचे दिवस

या पातेल्याचा सगळ्यात मोठा सण म्हणजे पहिला पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा उतार तीव्र, नद्या आखूड. जूनमध्ये पऱ्ये आणि व्हाळ फुगले की मासे खालच्या डोहांतून उलटे वर निघतात, शेतांच्या मळ्यांपर्यंत येतात. हेच चढणीचे मासे. बॅटरी, पाग, कोयती, घमेलं, जे हाताला लागेल ते घेऊन गाव रात्री बाहेर पडतं. त्या मजेला तोड नाही.

पण मासे वर का चढतात? अंडी घालायला. उथळ, नव्या, खाद्याने भरलेल्या पाण्यात पिल्लं वाढतात आणि पावसाबरोबर खाली उतरतात. त्या रात्री घमेल्यात पडणारी मादी अंड्यांनी भरलेली असते. समुद्रात नेमक्या याच कारणासाठी महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. इंग्लंडच्या नद्यांवरही 15 मार्च ते 15 जून भरड मासे धरायला बंदी आहे. आपल्या व्हाळाला मात्र नारळी पौर्णिमा नाही.

पूर्वी यातून फार नुकसान होत नव्हतं. धरणारे थोडे, साधनं तोकडी, आणि माप कालवणापुरतं. आता काही ठिकाणी डोहात ब्लीचिंग पावडर ओततात, सुरुंगाची दारू फोडतात, विजेची तार सोडतात. डोहातलं बारीकसारीक सगळं एका झटक्यात वर येतं. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. पण गुन्ह्याने काय गेलं हे सांगायला आधी काय होतं ते माहीत हवं. डोहात पूर्वी किती शेंगट्या होत्या? "रग्गड होत्या," यापलीकडे उत्तर मिळत नाही.

कावेरीच्या वहीने काय सांगितलं

आता तो वहीतला आकडा. कर्नाटकात कावेरीवर गालिबोर इथे महसीरसाठी गळ टाकणाऱ्यांचा तळ होता. नियम एकच, मासा धरायचा, तोलायचा, सोडायचा. 1998 ते 2012 या काळात तिथे धरून सोडलेल्या सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी राहिल्या. शास्त्रज्ञांनी त्या उलगडल्या तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. महसीर एकंदरीत वाढत होता. पण कावेरीचा स्वतःचा, पाठीवर वशिंड असलेला प्रचंड महसीर झपाट्याने नाहीसा होत होता आणि वाढ सगळी निळसर परांच्या महसीरची होती.

हा निळ्या परांचा मासा म्हणजे आपलाच खुद्री. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या तलावावर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याची कृत्रिम पैदास झाली. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा. संपत चाललेला मासा त्यांनी वाचवला, हे मोलाचं काम. पण इथली पिल्लं चांगल्या हेतूने दूरच्या कावेरीतही सोडली गेली आणि तिथल्या घरच्या माशाच्या मुळावर आल्याचा संशय आज अभ्यासक घेतात. वशिंडाच्या महसीरची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. हौशी माणसांनी संध्याकाळी लिहिलेली वजनं नसती, तर तो गेल्याचंही उशिरा कळलं असतं.

पालीला स्पर्धा भरली तर

म्हणून वाटतं, पालीच्या पंचक्रोशीत क्रिकेटच्या आणि नमनाच्या जोडीला वर्षातून एकदा गरवण्याची स्पर्धा भरायला काय हरकत आहे? दिवस चढणीचे नकोत. पाणी निवळल्यावर, दिवाळीनंतरचे चालतील. जागा चिठ्ठीने. पाझर तलाव किंवा धरण असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाची आणि ठेका असलेल्या मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी आधी घ्यायची, कारण त्या पाण्यावर कुणाची तरी रोजीरोटी आहे. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचा, म्हणजे ती सहज निघते. मासा ओल्या हातानेच धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. श्वासाची काळजी घ्यायची, पाण्याबाहेर कल्ल्यांची पाती एकमेकांना चिकटतात, तेव्हा मोजणी झटपट. तंगुसाचा तुकडाही काठावर ठेवायचा नाही, बगळ्या-खंड्यांच्या पायात तो अडकतो.

आणि एक गोष्ट मुळीच करायची नाही. स्पर्धा रंगावी म्हणून बाहेरचं बीज नदीत सोडायचं नाही. कटला-रोहू तळ्यात शोभतात. आफ्रिकन मागूर तर 2000 पासून देशात पाळायलाही बंदी आहे, तो दुसऱ्या माशांना खाऊन डोह रिकामा करतो. मोठा मासा धरणाऱ्याला एक बक्षीस असू द्या, पण दुसरं, जरा मोठं, सर्वांत जास्त जातींचे मासे ओळखून नावं सांगणाऱ्याला. ते बहुधा एखाद्या आजोबांनाच मिळेल, कारण चार बोटांएवढ्या दोन माशांमधला फरक त्यांनाच कळतो. त्यांची ती नावं शाळेतल्या मुलांनी, त्या-त्या वाडीत म्हणतात तशी, वहीत लिहून घ्यायची.

2023 हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं आणि नाचणीला शहरातल्या दुकानात मानाची जागा मिळाली. शेंगटीचं तसं व्हावं असं मुळीच नाही. ती फलकावर आली नाही तेच बरं, तिची संख्या तेवढी नाही. ती घरच्या कालवणातच राहावी. वहीत फक्त तीन रकाने हवेत : नाव, वजन, सोडला की नेला. तिसऱ्या रकान्यात कुणी 'नेला' लिहिलं तर भांडायचं नाही. कंसात 'कालवणापुरतं' लिहायचं आणि पुढच्याला हाक मारायची.