कोणती गोळी खरी?

मे महिन्यात सालेकसा-देवरीकडे ऊन कसं भाजून काढतं, हे गोंदियाच्या मुलांना सांगायला नको. त्यात वीज गेली की फ्रिजही गरम! आता एखादं औषध 2 ते 8 अंशांतच टिकत असेल, तर जंगलातल्या टोल्यावर ते कसं न्यायचं?

ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असंच आहे. बाळ जन्मल्यावर आईची गर्भपिशवी घट्ट आवळते आणि रक्त थांबतं. कधीकधी ती आवळत नाही, रक्त वाहतच राहतं आणि आईच्या जिवावर बेततं. तेव्हा हे इंजेक्शन कामी येतं. याच कामाची मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी मात्र फ्रिजशिवाय टिकते, स्वस्त आहे आणि पाण्याबरोबर गिळता येते. पण खेड्यातल्या बाळंतपणात तिचा खरंच उपयोग होतो का? नुसतं वाटून काय उपयोग, तपासायला हवं ना!

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं अमेरिकेतल्या मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठाबरोबर हेच तपासलं, 2002 ते 2005 या काळात. याला म्हणतात क्लिनिकल ट्रायल. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 25 एएनएम ताई, म्हणजे प्रसूतीचं शिक्षण घेतलेल्या सहायक परिचारिका, बाळंतपणं करत होत्या. एकूण 1,620 बायांनी ‘हो’ म्हटलं. आधी सगळं समजावून सांगायचं, मगच विचारायचं, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईवर कुणी रागवायचं नाही, हा ट्रायलचा पहिला नियम.

खरी गंमत पुढे आहे. निम्म्या बायांना औषधाच्या गोळ्या मिळाल्या आणि निम्म्यांना औषध नसलेल्या, पण दिसायला हुबेहूब तशाच. त्यांना म्हणतात प्लॅसिबो. कुणाला कोणत्या, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. ताईंनी स्वतः ठरवलं असतं, तर अशक्त बाई पाहून त्यांनी तिलाच खरं औषध दिलं असतं. मग दोन्ही गट सारखे कुठले राहणार! आणि गोळी देणाऱ्या ताईंनाही ठाऊक नव्हतं बरं का, हातातली गोळी खरी की नुसती. माहीत असतं, तर मोजताना नकळत मन एका बाजूला झुकलं असतं.

रक्त मोजायची तऱ्हाही बघण्यासारखी होती. बाळंतिणीखाली प्लॅस्टिकची चादर घालायची. तिच्या टोकाला निमुळती पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. रक्त त्यात जमा होई. 500 मिलिलिटरची रेघ गाठली, म्हणजे रक्तस्राव जास्त. अंदाजाचं कामच नाही.

मग गुपित उघडलं. नुसती गोळी घेतलेल्या शंभर बायांमागे 12 जणींना जास्त रक्तस्राव झाला होता, औषध घेतलेल्यांत साधारण सहा जणींना. निम्म्यावर आला! औषधानं हुडहुडी आणि ताप जास्त जणींना आला, तेही लिहून ठेवलं. चांगलं तेवढंच सांगितलं, तर ती ट्रायल कसली? 2006 साली हा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

नुसत्या गोळीच्या गटातल्या बायांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांच्याशिवाय तुलनाच झाली नसती. त्या काळी तिथल्या एएनएमना असं दुसरं कुठलं औषध देता येत नव्हतं, म्हणूनच अशी तुलना करणं योग्य होतं. हातात खात्रीचं औषध असताना ते लपवून नुसती गोळी देणं हा अन्यायच झाला असता. अशा गोष्टी आधी तपासायला नैतिकता समिती असते. तिनं होकार दिल्याशिवाय विद्यापीठालाही ट्रायल सुरू करता येत नाही.

गोंदियातही 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं. तिथे कधी मुलांवरची ट्रायल झाली, तर आईबाबांची सही लागेलच. पण आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे सात वर्षांपुढच्या मुलालाही समजेल अशा भाषेत सांगून विचारावं लागतं, “तुला चालेल का?”